तन्वीच्या शेजारच्या सीटवर

८ नोव्हेंबर, शुक्रवार. निशी-कसाई

इथे येऊन आठवडा झाला आणि अजून मी एकदाही मोटारीत बसलेलो नाही. जावं तिथं ट्रेन. उभा जन्म साताऱ्यात मोटार ट्रेनिंग स्कूल चालवण्यात गेला, अर्ध्या तालुक्याला क्लच सोडायला मी शिकवलं, आणि इथे टोकियोत रोज कडी धरून लोंबकळतोय. सारंगला म्हटलं, "अरे, इतकी वर्षं जपानात काढलीस, एक गाडी घेता येऊ नये?" तर म्हणे पार्किंगला जागा नाही. त्याच्याकडे लायसन्ससुद्धा नाही. ड्रायव्हिंग मास्तरचा पोरगा! सांगायलाही लाज वाटते.

लायसन्स आहे ते सूनबाईकडे. तन्वीने इथली परीक्षा दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाली. तीच आज म्हणाली, "बाबा, भाड्याने गाडी घेऊ या. इझूला जाऊ, समुद्राच्या काठाकाठाने. तिघं." मी लगेच हो म्हटलं.

माझ्या मनात एक गोष्ट आहे, ती तिथेच सांगायची. साताऱ्याच्या घरावर वरचा मजला चढवतोय. सारंग-तन्वीसाठी. दोन खोल्या, मोठी गॅलरी, जिना बाहेरून. कॉन्ट्रॅक्टरला फक्त माझ्या फोनची वाट आहे. स्नेहलता गेल्यापासून घर खायला उठतं. ही दोघं वर्षातून महिनाभर येऊन राहिली तरी मला पुरे. समुद्रासमोर दोघांना बसवून सांगतो, बघू तोंडं कशी होतात.

सारंग मात्र कामाने पार खुळा झालाय. आज मला चहा करून देतो म्हणाला आणि स्वतःच्याच घरात गाळणी शोधत बसला. सगळी कपाटं उघडून झाली. शेवटी तन्वीने त्याच्या नाकासमोरच्या खुंटीवरून काढून दिली.

१० नोव्हेंबर, रविवार. निशी-कसाई

सारंगला एक सवय चांगली लागलीय, पहाटे फिरायला जायची. मी उठतो तेव्हा हा बाहेरून येत असतो. दाढी झालेली, केस भिजलेले, पाठीला सॅक. विचारलं तर म्हणे, वजन घेऊन चालणं हाडांना चांगलं. इकडचे लोक तब्येतीला जपतात.

संध्याकाळी कचरा घेऊन दोघं खाली गेलो. इथे कचऱ्याचेही वार ठरलेले, ओला अमक्या दिवशी, प्लास्टिक तमक्या दिवशी. सारंगने नेमकं उलटं केलं. इमारतीची देखरेख करणारे म्हातारबुवा धावत आले. सारंगला बघून आधी दचकले, मग वाकून वाकून बराच वेळ काहीतरी विचारत राहिले. हा कानापर्यंत लाल. मी विचारलं काय म्हणतात, तर म्हणाला, हवा छान आहे म्हणतात. एवढी चौकशी हवेची! माणसं प्रेमळ आहेत.

रात्री जेवताना सुरेखाचा पुण्याहून फोन. बहीण धाकटी, पण बोलणं आजीसारखं. "दादा, फिर, मजा कर. पोरांना फार काही विचारत बसू नको." मी कधी कुणाला काय विचारतो?

१३ नोव्हेंबर, बुधवार. हेदा

सारंग आला नाही. सकाळी स्टेशनवर आमच्याबरोबर आला, फलाटावर उभा राहिला आणि गाडी यायच्या बेताला म्हणाला, "बाबा, ऑफिसात रिलीज आहे, नाही जमणार. तुम्ही दोघं जा." तन्वी त्याच्याकडे बघत राहिली. "सारंग, आपलं ठरलं होतं," एवढंच म्हणाली. तो बुटाकडे बघत होता. मला राग आला, पण चारचौघांत काय बोलणार. रिलीज म्हणजे काय असतं ते मला आजवर समजलेलं नाही, पण ते कधी सुखासुखी होत नाही हे माहीत आहे.

मिशिमाला उतरून गाडी घेतली. पांढरी, डबीएवढी, ऑटोमॅटिक. स्टीअरिंग उजवीकडे, आपल्यासारखंच. काउंटरवरच्या मुलीने गाडीभोवती फिरून एकेक ओरखडा दाखवला आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत वाकून उभी राहिली. मी आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणलाय, पण तन्वीने गाडी फक्त स्वतःच्या नावावर घेतली. "बाबा, तुम्ही समुद्र बघा."

मग बघितला.

काय सांगू. गाव संपलं आणि डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला पाणी, आणि पाण्यावर काही नाही. वारा नाही, लाट नाही. त्या पाण्याच्या पलीकडे, खाली धुकं असल्यामुळे अधांतरी, फुजी. माथ्यावर नवा बर्फ. वळण आलं की तो जायचा, दुसऱ्या वळणावर परत यायचा, कधी मागे, कधी पुढे. मला दिशाच कळेनाशी झाली. मध्येच डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा गाडी कुठल्याशा बंदरापाशी उभी होती, जाळ्यांवर मासे उन्हात वाळत होते, आणि तन्वी गाडीबाहेर पाण्याकडे तोंड करून उभी होती. क्षणभर मला कळेचना मी कुठल्या देशात आहे. कळून घ्यावंसंही वाटेना.

तन्वीचं ड्रायव्हिंग पहिल्या नंबरचं. गाडी चालवण्यावरून मी माणूस ओळखतो, हा माझा धंदाच. चुकत नाही. वळणाच्या आधीच वेग कमी करते, थांबायच्या रेघेवर समोर चिटपाखरू नसलं तरी पुरती थांबते, आणि थांबली की पटकन निघत नाही. हे सुखी माणसाचं ड्रायव्हिंग. घाई कसलीच नाही. मी तिला तसं सांगितलंही. हसली.

मुक्कामाच्या घरी खाली हौदात लांबच लांब पायांचे खेकडे ठेवलेत, अंगावर काटा येतो. जेवायला मी पिठलं मागावं असं मनात आलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. दोगाशिमा

दिवसभर बोगदे. बोगदा संपला की एक छोटा उपसागर, पाच-पंचवीस घरं, एक धक्का, चार होड्या. मग परत बोगदा. मी तन्वीला म्हटलं, "मघाचंच गाव परत आलं बघ." ती म्हणाली, "येऊ दे ना बाबा. संपायची काय घाई आहे?" खरंच नव्हती. अंधार, उजेड, अंधार, उजेड. गाडीच्या नकाशातली बाई मधूनमधून जपानीत रस्ता सांगत होती, इतक्या गोड आवाजात की अंगाई म्हणतेय असं वाटावं. समुद्र हिरवा व्हायचा, मग निळा, मग ढग आला की दुधाळ. डोंगरउतारावर संत्र्यांच्या बागा, झाडं पिवळ्या ठिपक्यांनी भरलेली. कुणी माणूस दिसत नव्हता. एका बसथांब्यावर एक म्हातारी टोपली मांडीवर घेऊन बसली होती, तिने आम्हाला ओळखीचे असल्यासारखा हात केला. आम्हीही केला.

दुपारी एका टेकडीवर थांबलो. जोडप्यांसाठी बांधलेली जागा आहे. टोकाला एक घंटा, ती तीनदा वाजवायची आणि आपल्या माणसाचं नाव घ्यायचं. मी म्हटलं, "चल, सारंगला व्हिडिओ कॉल लाव, त्याच्यासमोर वाजव." म्हणाली, मीटिंगमध्ये असेल. "मग नुसती वाजव त्याच्या नावाने." "बाबा, तुम्हीच वाजवा. आईंच्या नावाने." मला इतकं बरं वाटलं! सासूची आठवण ठेवणारी सून मिळायला नशीब लागतं. मी तीनदा वाजवली आणि खाली समुद्रापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात स्नेहलता म्हणालो. मागे उभी असलेली जपानी पोरं टाळ्या वाजवायला लागली. वळून बघतो तर तन्वीच्या डोळ्यांत पाणी. वारा फार होता तिथे.

फोटो काढून सारंगला पाठवले. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

इथे किनाऱ्यासमोर बेट आहे. पाणी ओसरलं की तिथपर्यंत पायवाट उघडते म्हणे. आम्ही गेलो तेव्हा पाणी भरलेलं होतं. तन्वी कठड्यापाशी बराच वेळ बसून होती. "बाबा, तुम्हाला काही सांगायचं होतं," असं म्हणाली, आणि मग, "चहा घेऊ या का?" मी म्हटलं, "मलाही सांगायचंय. उद्या." तिने चमकून बघितलं. वरच्या मजल्याचा सुगावा लागलाय की काय तिला?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. मात्सुझाकी

तन्वी आणि सारंग मार्चपासून वेगळे राहतात. कायमचे वेगळे होणार आहेत. सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

कॉन्ट्रॅक्टरला फोन करून मजला रद्द केला. जेवलो नाही. आज याहून जास्त लिहवत नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ. मात्सुझाकी

लिहितो. नाही लिहिलं तर डोक्यात तेच घोळत राहील.

काल या गावाच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. एकच बाजू खुली, तात्पुरता सिग्नल, त्यावर उलटे आकडे सरकत होते. मागेपुढे कुणी नाही. खाली समुद्र. मी म्हटलं हीच वेळ. म्हटलं, "तन्वी, सारंग असता तर दोघांना एकदमच सांगितलं असतं. वरचा मजला चढवतोय. तुमच्यासाठी. तुझ्या कुंड्या मावतील एवढी गॅलरी काढलीय, अजिंक्यतारा समोर दिसेल."

तिने स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरलं. "बाबा, नका चढवू."

"का गं? जिना बाहेरून ठेवलाय. माझी कटकट नाही."

"सारंग कावासाकीला राहतो बाबा. मार्चपासून. आम्ही घटस्फोट घेतोय. तुम्ही असेपर्यंत तो रोज येऊन जातो, एवढंच."

सिग्नल हिरवा झाला. ती निघेना. हेल्मेटवाला कामगार झेंडा हलवून वाकून वाकून जा म्हणत होता. आणि मी काय बोलावं? मी म्हणालो, "हळू, हाफ क्लचवर घे." त्या गाडीला क्लचच नाही. तिने गाडी काढली, पुढच्या रुंद जागी थांबवली, आणि रडली.

मी विचारलं, झालं काय? कोण चुकलं? दुसरं कुणी आहे का?

"कुणी नाही हो. काही झालंच नाही, तेच तर. भांडण असतं तर मिटवलं असतं. घरात दोघं असायचो आणि कुणाचाच आवाज यायचा नाही. तो त्याच्या स्क्रीनसमोर, मी माझ्या. एक दिवस त्यालाच म्हणाले, आपण का राहतोय एकत्र? त्याला उत्तर देता येईना. मलाही आलं नसतं."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमचा व्हिसा आला होता, तिकिटं निघाली होती. आत्या म्हणाल्या, दादांची एवढी हौस, फिरून जाऊ देत, ऐकून बीपी वाढेल. आमचं ठरलं होतं, इथे समुद्रावर सारंग सांगेल. तो फलाटावरूनच परत गेला."

म्हणजे पहाटेचं ते फिरणं, ती सॅक, तो म्हातारा! मी येडा, सगळ्या गोष्टींची कौतुकं करत बसलो. घंटा वाजवली त्या टेकडीवर! माझा असा संताप झाला. सारंगवर, सुरेखावर, आणि खरं लिहायचं तर सगळ्यात जास्त तन्वीवर. तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी म्हणालो, "तूही नाटक केलंस. पंधरा दिवस मला बाबा बाबा म्हणत."

ती डोळे पुसून म्हणाली, "केलं. पण मला ते पंधरा दिवस हवे होते. ऑफिसातून आल्यावर आतून कुणीतरी दार उघडतं, आलीस का गं म्हणतं. आठ महिन्यांत ते कुणी म्हटलं नव्हतं. आणि बाबा मी नाटकात म्हणत नव्हते."

 मुक्कामावर आलो, खोलीचं दार ओढून घेतलं, जेवायला बोलवायला आली तर नको म्हटलं. ती बाहेर थोडा वेळ उभी होती. मला तिच्या पायांची सावली इथल्या कागदी दारावर दिसत होती. मी उठलो नाही.

आता उजाडलंय. खिडकीखाली नदी समुद्राला मिळते. भरती आहे, त्यामुळे नदी उलटी वाहतेय, डोंगराकडे. तिच्यावर गळालेली पानं सावकाश वर चाललीत. एक होडी गेली, तिचा आवाज गेला, परत सगळं गप्प. सगळं गाव अजून झोपेत आहे असं वाटतं. मी केव्हाचा बघत बसलोय आणि राग कुठे गेला मला कळलं नाही. म्हणजे आहे, पण तन्वीवरचा उरला नाही. सारंगवरचा ठेवलाय. तो पोरगा माझा, त्याच्यावर रागवायला मी आहे आयुष्यभर. तिच्यावर रागवायचा हक्क आता मला राहणार आहे का? कागदावर सह्या झाल्या की ही माझी कोण? भेटली तर काय म्हणणार, आमच्या मुलाची पूर्वीची बायको? जीव तुटतो या विचाराने. मला सून नको असली तरी चालेल, पण ही पोरगी हवी आहे. घरातली दुसरी कुणी मला पिठल्यात लसूण कमी पडला म्हणून सुनावत नाही.

सारंगला फोन केला. म्हटलं, "आज संध्याकाळी शिन-योकोहामा स्टेशनवर मला घ्यायला ये. मी तुझ्या खऱ्या घरी राहणार आहे. गाळणी कुठे ठेवलीय हे तिथे तरी तुला माहीत असेल."  तो म्हणाला, "बाबा, मी भित्रा आहे." म्हटलं, "आहेसच. ये आता." फोन ठेवला.

१७ नोव्हेंबर, रविवार. कावासाकी

कालचं लिहायचं राहिलं.

निघताना तन्वीने माझी बॅग गाडीत ठेवली. मीच म्हटलं, "नाश्त्याला तो लोणच्याचा पाला छान होता," चेरीच्या पानांचं खारवलेलं काहीतरी होतं. ती म्हणाली, "हो." परतीचा रस्ता डोंगरातून. समुद्र मागे पडला. देवदारांची दाट झाडी, मध्येच उन्हाची तिरीप, ओढ्यांवरून वाफा. खिडकी खाली केली तर ओल्या मातीचा वास. किती वेळ तसेच चाललो कोण जाणे.

मी विचारलं, "मग आता दिवाळीला वगैरे जाणार कुठे? नागपूरला, भावाकडे?"

"आई गेल्यावर दादाच्या घराला मी माहेर म्हणत होते. त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला, इतक्यात येऊ नको, सोसायटीत लोक विचारतील."

  पुढे रस्त्याकडेला शेतकऱ्यांच्या मालाचं मोठं दुकान लागलं, मोटारवाले जिथे थांबतात तसलं. म्हटलं, "थांबव जरा. तू गाडीतच बस."

आत हिंडलो. नव्या तांदळाच्या लहान पिशव्या मांडल्या होत्या, एक घेतली. नारळ कुठे दिसेना. खुणा करून विचारलं तर बाईने मला पांढरा मुळा दाखवला. शेवटी पानासकट एक मोठं संत्रं घेतलं. खण म्हणून एक सुती कापड मिळालं, निळ्या लाटा छापलेलं, इकडे हात पुसायला वापरतात ते. हळदकुंकू कुठलं मिळायला. सगळंच तोडकंमोडकं होतं.

गाडीपाशी आलो आणि म्हटलं, "उतर. तोंड पूर्वेला कर."

"काय झालं बाबा?"

"ओटी भरायचीय तुझी."

ती बघतच राहिली. "बाबा, ओटी बायका भरतात. सवाष्ण बाई. आणि माझी आता कशी..."

"माहीत आहे. मी पुरुष, त्यातून बायको गेलेला, म्हणजे सगळंच चुकलंय. आपल्यात बाई आहे का दुसरी? मग! सून म्हणून नाही भरत. लेक माहेराहून निघाली की भरतात, ती भरतोय. साताऱ्याचं घर तुझं माहेर. कागदावर काय लिहायचं ते तुम्ही लिहा. दिवाळीला यायचं, आजारी पडलीस तर यायचं, पुढेमागे दुसरं लग्न केलंस तर त्यालाही घेऊन यायचं. मी त्याला गाडी शिकवीन."

तिला पदर नव्हता. जाकिटाचं टोक दोन्ही हातांनी पसरून उभी राहिली, तिथे, त्या मोटारींच्या गर्दीत. शेजारच्या गाडीतलं कुटुंब आईस्क्रीम खायचं थांबून बघत होतं. मी कापड ठेवलं, संत्रं ठेवलं, ओंजळीने तांदूळ घातले. थोडे खाली सांडले. ती आधी हसत होती, मग हसता हसता रडायला लागली. मीही रडलो. लाजायचं कशाला.

तिने वाकून नमस्कार केला. मग जाकीट तसंच सांभाळत म्हणाली, "बाबा, माहेरचं घर भरलेलं राहावं म्हणून ओटीतले चार दाणे परत घरात टाकतात ना?"

"टाकतात. पण इथे घर कुठलं? ही गाडी भाड्याची, आत्ता परत द्यायचीय."

तिने इकडे तिकडे बघितलं. मग चिमटीत चार दाणे घेतले आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकले.

पुढे मिशिमाला गाडी परत केली, ट्रेनमध्ये बसलो. शिन-योकोहामाला मी उतरलो, ती पुढे गेली. सारंग फलाटावर उभा होता. त्याच्याशी काय बोलायचं ते बोललो, आज परत बोलणार आहे, ते इथे लिहीत नाही.

आत्ता तो कपडे मशीनला लावत होता. "बाबा, कालचा शर्ट द्या," म्हणाला. म्हटलं, नको, तो तसाच घेऊन जायचाय घरी.